सहादू मेला, आपण जिंकलो

मस्कतहून लहानूचं पत्र आलं की कोंडाजी ते आधी मनातल्या मनात वाचायचा आणि मग चांगुणाबाईला तिच्यापुरतं वाचून दाखवायचा. तिच्यापुरतं त्यात फार काही नसे. मी बरा हाय, आईनं काळजी करू नये, एवढं उरकलं की बाकीचं पान कबड्डीचं. एकलहऱ्याचा संघ यंदा कसा हाय, सहादूचा गुडघा बरा झाला का, पुंजा अजून घाईघाईत चढाई करतो का. लहानू तिथे वेल्डर होता. शुक्रवारी सुट्टी असली की पंजाबी पोरांना घेऊन वाळूत रेघा मारून खेळायचा. पण वाळूत पडलं तर पडल्यासारखं वाटत नाही, असं त्यानं एकदा लिहिलं होतं. करार चार वर्षांचा, मधे सुट्टी नाही. त्यातली दोन वर्षं सरली होती आणि पोरगं घरापेक्षा मैदानाचीच आठवण जास्त काढतं, ही चांगुणाबाईची तक्रार होती.

जानेवारीत पिंपळगाव बसवंतला अंतिम सामना ठरला, तेव्हा लहानूनं लिहिलं की निकाल पत्रानं नको, पत्राला पंधरा दिवस लागतात. तार करा, आणि कोण कसं खेळलं तेही कळवा.

सामना झाला. सहादू, पुंजा आणि भिकन हे तिघं कोंडाजीचे पुतणे, लहानूचे चुलतभाऊ. तिघंही जिवाच्या आकांतानं खेळले. भिकन तर अगदी शेवटच्या मिनिटाला मेला, पण तोवर एकलहरं एका गुणानं वर होतं. कोंडाजी घरी न जाता गुलालानं माखलेल्या सदऱ्यानिशी सावळीराम गुरुजींकडे गेला. परदेशची तार इंग्रजीत लिहायची, आणि वस्तीत इंग्रजी फक्त गुरुजींना यायचं. त्यांनी मुलांना तीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं आणि या तीस वर्षांत एकदाही कबड्डीच्या मैदानावर पाय ठेवला नव्हता.

कोंडाजीनं मजकूर सांगितला. गुरुजी 'मेला'पाशी अडले. म्हणाले, इथे 'आउट' लिहितो.

"आउट क्रिकेटात होतात, गुरुजी," कोंडाजी म्हणाला. "आपल्या खेळात माणूस मरतो. पोराला आपला खेळ आपल्या भाषेत कळला पाहिजे."

गुरुजींना ते पटलं. शब्दाला शब्द पाहिजे, हे त्यांचंही मत होतं. त्यांनी सुवाच्य अक्षरात फॉर्म भरला: सहादू डेड. पुंजा डेड. भिकन डेड लास्ट मिनिट. वुई वन. ऑल हॅपी. फादर.

चौथ्या दिवशी उलट तार आली, ती लहानूची नव्हे, कंपनीच्या साहेबाची. गुरुजींनी ती दोनदा वाचली आणि चष्मा पुसला. साहेबाला फार दुःख झालं होतं, लहानूला तो लगेच घरी पाठवत होता आणि मुंबईच्या एजंटाचा माणूस फुलं घेऊन सोबत येणार होता.

"दुःख कशाचं?" गुरुजी म्हणाले. "आपण तर जिंकलो."

कोंडाजीच्या मात्र ध्यानात आलं, साहेबानं 'डेड' खरंच धरलं होतं. हे खोटं हाय असं कंपनीला कळलं तर पोराची नोकरी गेली म्हणून समजायचं. तो घरी धावला, तिन्ही पुतण्यांना बोलावून घेतलं आणि बजावलं की तो माणूस येऊन जाईस्तोवर तुम्ही मेलेले हाय, तोंड दाखवायचं नाय. पुंजा आणि भिकन मुकाट्यानं पेठला मावशीकडे गेले. सहादू कॅप्टन. त्यानं हो म्हटलं, पण मनावर घेतलं नाही. चांगुणाबाईच्या कानात लहानू येतोय एवढंच शिरलं होतं. तिनं पुरण शिजत घातलं. दुखवट्याच्या घरात पुरण शिजत नसतं, असं कोंडाजीनं सांगून पाहिलं, पण ऐकतं कोण.

शुक्रवारी दुपारी टॅक्सी दारात थांबली. लहानू उतरला, खाली मान घालून. मागून एजंटाचा माणूस, हातात पांढऱ्या फुलांचं भलंमोठं चक्र. तो गंभीरपणे दोन पावलं पुढे आला आणि तेवढ्यात मस्कतवाल्यांनी विजेत्यांचा सत्कार ठेवलाय अशा समजुतीनं सहादू गल्लीतून आला, त्यानं वाकून नमस्कार केला आणि ते चक्र स्वतःच्या गळ्यात घालून घेतलं.

"हे कोण?" त्या माणसानं विचारलं.

"मयताचा भाऊ," कोंडाजी म्हणाला.

"मग फुलं गळ्यात का घातली?"

"आमच्यात तशी पद्धत हाय."

त्या माणसानं मान लववली. पुरणाचा वास त्यालाही आला असणार, पण इतकी पद्धत पाहिल्यावर त्यानं पुढचं काही विचारलं नाही. सहादूला हात जोडून तो टॅक्सीत बसून निघून गेला.

 पोराला कसं सांगावं हे कोंडाजीला सुचेना, तेवढ्यात लहानूच हसत सुटला. तार वाचताक्षणीच त्याला सगळं कळलं होतं. पण ती आधी साहेबानं वाचली होती.

"'वुई वन, ऑल हॅपी' वाचून साहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं, अण्णा. म्हणाला, तुझा बाप दुःखानं खुळा झालाय, आजच्या आज निघ. मग मी कशाला खुलासा करत बसू?"

सुट्टी मात्र आठच दिवसांची होती. चुलतभावाला आठ दिवस, मग एक मेला काय नि तीन मेले काय. आईबापाला महिना, असा कंपनीचा नियम.

आठ दिवसांतले सहा लहानूनं मैदानावर काढले. घरी यायचा तो जेवायला आणि झोपायला, अंगभर माती घेऊन.  नवव्या दिवशी सकाळी नाशिक रोडला मुंबईची गाडी सुटली, शेवटचा डबा दिसेनासा झाला, तरी ती तिथेच उभी राहिली. कोंडाजी चल म्हणाला तेव्हा कुठे तिनं पदरानं तोंड पुसलं.

"पुढल्या साली तार कराल," ती म्हणाली, "तवा त्या पोरांची नावं नका घालू. माझं घाला."