टोमॅटो सुपाची तीन लेबलं

माझ्या नजरेतून काही सुटत नाही. एकोणतीस वर्षं ओल्डहॅममधल्या घराघरांत शिरून गॅसचे मीटर वाचले. निवृत्त झाल्यावर माणसं वाचायला घेतली. माझी बायको डोरीन म्हणते, मीटर निदान तोंडावर हसत नसत. मी लक्ष देत नाही. कार्डावर 'सेड्रिक ऑलरनशॉ, खासगी गुप्तहेर' एवढंच छापलंय. रेनकोट मी चहा पितानाही काढत नाही, कारण गुन्हा वेळ सांगून घडत नाही.

त्या शुक्रवारी सकाळी मी एनिड हार्डकासलकडे चहाला गेलो होतो. एनिड आमच्या गल्लीतली अव्वल कॉम्पर, म्हणजे बक्षिसांच्या स्पर्धांचे अर्ज भरायचा नाद लागलेली बाई. डब्यांवरची लेबलं भिजवून सोलायची, वाळवायची, 'मला हे बिस्कीट आवडतं कारण...' हे वाक्य बारा शब्दांत पूर्ण करायचं आणि धाडायचं. तिच्या फडताळात एकाही डब्याला लेबल नाही. रविवारी पीच म्हणून उघडावं तर मांजराचं खाणं निघतं. अकरा वर्षांत तिला तीन इस्त्र्या आणि एक तंबू मिळाला होता. या वेळी मात्र कॅनडाच्या विमानाचं तिकीट लागलं होतं. तिकडे तिची मुलगी आणि पाच महिन्यांचा नातू, ज्याला तिने फक्त फोटोत पाहिलं होतं. अट एकच: सुपाची ताराछाप तीन लेबलं त्याच दिवशी साडेपाचच्या टपालाने गेली पाहिजेत.

मी घरी पोचतोय तोच फोन वाजला.

"सेड्रिक, लेबलं गेली रे," एनिड रडत होती. "खुर्चीच्या पाठीवर वाळत लावली होती. दुकानात आता ताराछाप मिळत नाहीत. पेन्शनीत कुठलं विमान? बाळ शाळेत जाईल तरी मी त्याला पाहणार नाही."

मला फार वाईट वाटलं. लगेच डोकं चालवलं. त्या खुर्चीत मी स्वतः अर्धा तास टेकून बसलो होतो. माझ्यादेखत हात मारायची कोणाची छाती होती? म्हणजे चोर मी निघाल्यावर आला.

पहिला संशय व्हेरा शॉरॉक्सवर. कॉम्पर मंडळाची चिटणीस, आणि कायम एनिडच्या मागे दुसरी. मूळ मुद्दा मी अर्थातच गुप्त ठेवला.

"व्हेरा, सकाळी कुठे होतीस?"

"दातांच्या डॉक्टरकडे. का रे?"

मी वळून निघालो तर मागून खो-खो हसू.

"काय झालं?"

"काही नाही बाबा. तू जा, असाच जा."

दात दुखणारी बाई इतकी हसते? वहीत नोंद केली. मग पोस्टमन बर्टविसल कोपऱ्यापर्यंत माझ्या मागे मागे आला आणि म्हणाला, "काय सेड्रिक, आज जेवायला टोमॅटोचं वाटतं?" सूप कोणतं हे याला कसं कळलं? टोळीच होती तर. बसच्या रांगेतही माझ्यामागे कुजबुज झाली. चारपर्यंत कटात सतरा माणसं निघाली.

पाच वाजता मी एनिडकडे गेलो. बेकरीतल्या कामावरून सुटलेली डोरीन तिची समजूत घालत बसली होती.

"सतरा जण आहेत," मी म्हणालो, आणि गुप्ततेसाठी पडदा ओढायला वळलो.

"हलू नकोस," डोरीन म्हणाली.

माझ्या पाठीवरून तिने हलक्या हाताने एक लेबल सोललं. मग दुसरं. मग तिसरं.

"चोराने लपवायला जागा मात्र अचूक निवडली," मी म्हणालो. ऐकायला कोणी नव्हतं. एनिड पाकीट घेऊन सपातांवरच टपालपेटीकडे धावत सुटली होती.

महिन्याभराने कॅनडाहून पोस्टकार्ड आलं. टाचलेल्या फोटोत बाळ एनिडच्या मांडीवर, तिचा चष्मा ओढत. खाली लिहिलं होतं: 'मला ऑलरनशॉच आवडतात कारण ते पुरावा स्वतः पाठीवर वाहून घरपोच देतात.'

डोरीनने बोटांवर मोजलं. "अकराच झाले. एक शब्द तिने माझ्यासाठी ठेवलाय."

कोणता, ते मी विचारलं नाही.