इमान, बोट आणि कोंडिबा आबा

कोंडिबा आबा स्वतःच्या लग्नाला आदल्या दिवशी पोचले होते. वऱ्हाड मागं ठेवून, एकटेच. राहू गावी मुलीच्या घरी अंगण सारवायचं चाललं होतं आणि दारात नवरदेव उभा! "आता आलोच हाय तर आना हिकडं ती शेनाची पाटी," म्हणत आबांनी बाह्या वर केल्या. हे मला तानूकाकींनी, म्हणजे त्या मुलीनंच, सांगितलं. "आन् नवरा असा येडा दिसत असूनबी बानं मला दिली," असं म्हणून त्या पोट धरून हसल्या.

शिरूरला आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी कचेरीत कारकून, त्यामुळं आबांच्या तोंडी 'भाऊसाहेब'. त्यांच्या वडलांनी मेंढरं विकून घोडनदीच्या काठाला जमीन घेतली होती, ती आबा नेकीनं कसत. पण त्यांचा खरा धंदा म्हणजे वेळेआधी पोचणं. सकाळच्या एसटीला ते अशा वेळी स्टँडवर जाऊन बसत, की झाडूवाली बाई त्यांना पाय वर घ्यायला लावून खालून झाडू मारायची. एकदा यवतला भाचीकडं बारशाला गेले, तर बाळ अजून जन्मालाच यायचं होतं.

"लौकर गेल्यानं कुनाचं वाईट झालंय का?" आबा मला विचारत. "त्या दिशी सुईन बोलवायला घरात दुसरं हुतं कोन?"

आणीबाणीच्या आधीचं एक वर्ष असेल. आबांचा एकुलता मुलगा नामदेव बोटीवर स्वयंपाकी होता. आधी मुंबईच्या हॉटेलात भांडी घासायचा, तिथून कुणाच्या तरी ओळखीनं समुद्रावर गेला. बऱ्याच वर्षांत घरी आला नव्हता. त्याची तार आली. आफ्रिकेला जाणाऱ्या प्रवासी बोटीचा स्वयंपाकी आजारी पडलाय, म्हणून कंपनी याला कलकत्त्याहून विमानानं मुंबईला आणतेय. सकाळी सांताक्रूझला उतरायचं आणि दुपारी गोदीत बोटीवर हजर व्हायचं. घरी यायला सवड नाही.

तार मीच वाचून दाखवली. काकींनी डोळ्याला पदर लावला. आबांनी मात्र एकच विचारलं, "इमानापासनं बोट किती लांब?"

"आहे बरंच. अख्खी मुंबई मधे."

"मंग पोरगं चुकनार! चला भाऊसाहेब, पोचवून येऊ."

मी पूर्वी मामाकडं परळला राहिलो होतो, या भांडवलावर आबांनी माझी रजा मला न विचारताच ठरवली. पुण्यावरून जाणं सरळ होतं, पण कोरेगाव भीमाला एकदा बैलगाड्यांनी त्यांची एसटी अडवली होती. तेव्हापासून त्या रस्त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. म्हणून आम्ही उलटे दौंडला गेलो आणि तिथं आगगाडी धरली. तीही, अर्थातच, एक दिवस आधीची.

मुंबईत उतरल्यावर मला वाटलं, आता मामाकडं जाऊन पाठ टेकावी. आबा म्हणाले, "आधी तालीम."

"कसली?"

"इमान ते बोट."

आम्ही बसनं सांताक्रूझला गेलो आणि विमानतळाकडं पाठ करून गोदीकडं निघालो. माहीमला गर्दी कुठं होते, भायखळ्याला कुठल्या बाजूनं वळायचं, हे आबा बसमधल्या माणसांना विचारत होते. गोदीच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला त्यांनी सांगून ठेवलं, "उद्या माजा नाम्या येनार हाय. वळख ठिवा." पहारेकरी त्यांच्याकडं नुसता बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळावर आबांनी एका गणवेशवाल्याला विचारलं, "कलकत्त्याचं इमान कंच्या फलाटाला लागतं?" त्यानं हसून सांगितलं, "बाबा, ते उशिरा येणार आहे."

आबांचा चेहरा असा पडला, की मलाच वाईट वाटलं. लवकर जाणाऱ्या माणसाला आभाळातून येणाऱ्या उशिरावर काहीच करता येईना. ते बाहेर गेले. मी शोधत गेलो, तर एका टॅक्सीवाल्याला पुढच्या सीटवर बसून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खायला घालत होते.

"ह्यो हिंदीवाला बाबा थांबतो म्हनलाय. पोटात आन्न असलं म्हंजी मानूस जागचा हालत न्हाई."

"चाचा की चटनी बहुत तेज है," टॅक्सीवाला डोळे पुसत म्हणाला.

शेवटी नामदेव बाहेर आला. काळाभोर, अंगानं आडवा, खांद्यावर पिशवी. बापाला बघून तो जागीच थबकला. "आबा? तुमी हितं?"

"बोलत बसू नगंस. आत बस!"

मग टॅक्सी सुटली. आबा पुढं बसून डावीकडं घ्या, उजवीकडं घ्या, म्हणून ओरडत होते. तालीम फळाला आली होती. माहीमची गर्दी आम्ही आडरस्त्यानं चुकवली. मागं नामदेव बापाच्या पाठीकडं बघत बसला होता. एकदा त्यानं "आबा, आई..." असं सुरू केलं, तर आबा मान न वळवता म्हणाले, "बरी हाय. रस्त्याकडं ध्यान दे." जणू टॅक्सी तोच चालवत होता.

फाटकाशी उतरलो. नामदेवनं घड्याळ पाहिलं आणि हसला. "आबा, येळ हाय की अजून!"

आबा गोंधळले. उरलेल्या वेळेचं काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. मग ते फाटकाशेजारच्या कट्ट्यावर बसले आणि शेजारची जागा धोतराच्या सोग्यानं झटकली. "बस."

बापलेक बसले. आबांनी त्याचा हात उलटा केला. मनगटापर्यंत भाजल्याचे डाग होते. त्यावरून ते अंगठा फिरवत राहिले. "लई तापतं का रं तितं?"

"सवय झाली, आबा."

"खातोस का येळंवर?"

"दुसऱ्यांना घालून झाल्यावर."

आबांनी भाकरीचं फडकं सोडलं. उरलेली भाकरी त्यांनी मोडली आणि त्या आडव्या अंगाच्या गड्याला घास भरवायला लागले. रस्त्यावरून हमाल येत-जात होते. नामदेव लाजला, पण तोंड उघडत राहिला. मी टॅक्सीवाल्याशी उगीच गप्पा मारायला गेलो.

पहारेकऱ्यानं हाक मारली. नामदेव पाया पडला आणि झपझप आत गेला. वळला नाही. वळला असता तर जाता आलं नसतं, असं मला वाटलं.

"बोट दिसंल का हो हितनं?" आबांनी पहारेकऱ्याला विचारलं.

"नाही बाबा. गोदामं आहेत मधे."

मी म्हणालो, "चला आबा, दादरला गाडी धरायची आहे." आबा हलले नाहीत. ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथं होतो. आतून कधी एका बोटीचा भोंगा वाजायचा, कधी दुसरीचा. त्यातला नामदेवचा कुठला, हे ना मला माहीत होतं, ना पहारेकऱ्याला. भोंगा वाजला की आबा उठून उभे राहायचे आणि गोदामांच्या भिंतीकडं तोंड करून हात हलवायचे. प्रत्येक भोंग्याला.