अब्दुलभाईंचं लाल बटण

"अब्बा, दाबायचं नाही. नुसतं बोट टेकवायचं," शाहीन अकराव्यांदा म्हणाली आणि अब्दुलभाईंनी अकराव्यांदा दाबलं.

तसा दोष त्यांचा नव्हता, बोटांचा होता. तीस वर्षं कापडाच्या कारखान्यात लूमवर तुटलेल्या धाग्यांना गाठी मारून बोटांच्या टोकांना असे घट्टे पडले होते, की गरम तवा उचलायला त्यांना फडकं लागत नसे. लॅपटॉपवरच्या त्या गुळगुळीत चौकोनाला मात्र आपल्या अंगावरून बोट फिरतंय याचा पत्ताच लागत नव्हता. बाण जागचा हलेना, आणि हलला की थेट कोपऱ्यात जाऊन दडी मारून बसे. शेवटी शाहीनने त्यांची दहाही बोटं एकेक करून लावून पाहिली. कामाची निघाली ती फक्त डाव्या हाताची करंगळी. ज्याच्या नुसत्या खाकरण्याने कारखान्यातले कारागीर सरळ होत, तो सहा फुटी माणूस खुर्चीत अंग चोरून बसला आणि करंगळीने बाण ढकलू लागला. त्यांची बायको रशिदा चहा घेऊन आली होती. ती हे पाहून तोंडावर ओढणी धरून कपासकट परत फिरली.

"हसायला काय झालं?" अब्दुलभाई गुरकावले.

"हसतंय कोण," आतून आवाज आला.

हा सगळा जाच रविवारसाठी होता. मूळच्या भिवंडीच्याच, पण आता मस्कतला स्थायिक झालेल्या एका घरातून शाहीनला स्थळ आलं होतं. मुलगा जिब्रान दिसायला बरा होता, नोकरी चांगली होती. शाहीन त्याच्याशी दोनदा फोनवर बोलली होती आणि तिचं मत वाईट नव्हतं. राहिली होती वडीलधाऱ्यांची बोलणी. ती रविवारी चार वाजता लॅपटॉपवर व्हायची होती. मोबाईलवर माणसांची तोंडं काजूएवढी दिसतात आणि जिथं मुलगी द्यायची तिथली तोंडं नीट दिसली पाहिजेत, हा आग्रह खुद्द अब्दुलभाईंचा. त्या आग्रहापायी आपण पुरते अडकलो हे त्यांना सोमवारीच कळलं होतं, पण एकदा बोललेला शब्द मागे घ्यायची त्यांना सवय नव्हती. त्यातून मुलीची बोलणी चालू असताना मुलीने घरात थांबायचं नाही, ही या घरची जुनी रीत. म्हणजे रविवारी शाहीन वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे जाऊन बसणार आणि लॅपटॉपशी गाठ एकट्या अब्दुलभाईंची पडणार.

शाहीन भिवंडीतल्याच टेमघर भागातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत असे, तेही साठीच्या पुढच्या लोकांना. तिच्या हाताखाली सत्तरीच्या आजीबाई पंधरा दिवसांत लॅपटॉप चालवायला लागत. तो लॅपटॉप तिने स्वतःच्या पगारातून घेतला होता आणि त्यावर तिचा फार जीव होता. सोमवारी पहिला धडा सुरू करण्याआधी तिने बापाला एवढंच सांगितलं होतं, "अब्बा, बाकी तुम्हाला काय विचारायचं ते विचारा. माझं एकच विचारा. लग्न झाल्यावर मी शिकवायचं सोडणार नाय. त्यांना चालत असेल तर मला हे स्थळ पसंत आहे."

"विचारतो," अब्दुलभाई म्हणाले होते. मुलीचा सगळा जन्म त्या एका प्रश्नावर उभा आहे हे त्यांना कळत होतं. म्हणून तर ते करंगळीसुद्धा सहन करत होते.

मंगळवारचा धडा आवाजाचा होता. बत्तीस लूम एकदम चालू असलेल्या कारखान्यात कानाशी ओरडलेलंही ऐकू येत नाही. तिथं माणसं ओठांवर बोलतात. पलीकडच्या टोकाला उभा असलेला कारागीर सुट्टी मागतोय की शिव्या घालतोय हे अब्दुलभाईंना नुसतं बघून समजे, मग तो कुठल्याही मुलखाचा असो. घरात नवऱ्याला उद्देशून काही पुटपुटायचं झालं तर रशिदा आधी भिंतीकडे तोंड करत असे. पण त्या बत्तीस लूमनी कान मात्र खाऊन टाकले होते. अब्दुलभाईंनी आवाजाचं बटण सापडताच आवाज शेवटच्या टोकापर्यंत नेला. नेमकी त्याच वेळी लॅपटॉपवर कसलीशी जाहिरात लागली आणि खालच्या दुकानातला माणूस काय झालं म्हणून वर पाहायला आला. शाहीनने घाईघाईने वरच्या ओळीतली एक कळ दाबली. पडद्यावर कर्ण्याचं चित्र उमटलं, त्यावर तिरकी रेघ ओढली गेली आणि सगळं शांत झालं.

"ही कळ चुकून दाबली तर काहीच ऐकू येणार नाय. हिच्या वाटेला जाऊ नका," तिने बजावलं. मग शेजारचं माईकचं चित्र दाखवलं. त्यावर अशीच रेघ आली की त्या माणसाचा माईक बंद आहे असं समजायचं. अब्दुलभाईंनी मान डोलावली. ती तशी ते प्रत्येक गोष्टीला डोलावत.

बुधवारी लाईट गेली. पंखा थांबला, ट्यूब विझली आणि अब्दुलभाईंनी झडप घालून लॅपटॉप बंद करायचं बटण दाबून धरलं, ते पडदा काळा होईपर्यंत सोडलं नाही. शाहीनने क्लाससाठी दोन तास खपून तयार केलेला धडा त्यात वाहून गेला.

"अब्बा, याला बॅटरी असते. लाईट गेली तरी हा चालतो," ती कपाळाला हात लावून म्हणाली.

अब्दुलभाईंना हे पटत होतं, पण हाताला पटत नव्हतं. कारखान्यात लाईट गेली की पहिलं काम म्हणजे धावत जाऊन एकेक लूम हाताने बंद करायचा. तसं केलं नाही तर लाईट आल्यावर सगळे लूम एकदम सुटतात आणि धागेच धागे तुटून सगळं कापड बरबाद होतं. तीस वर्षांची ही सवय एका बॅटरीसाठी कशी जाणार? गुरुवारी लाईट दोनदा गेली, आणि लॅपटॉपही दोनदा गेला. तेव्हा शाहीनने वैतागून आपल्या नेलपॉलिशचा एक ठसठशीत लाल ठिपका त्या बटणावर काढला आणि याला हात लावायचा नाही असं निक्षून सांगितलं. शुक्रवारी लाईट गेली तेव्हा अब्दुलभाईंनी ते बटण पूर्वीपेक्षाही लवकर दाबलं.

"लाल केलं होतं ना मी?"

"म्हणून तर पटकन सापडलं. कारखान्यात लाल बटण बंद करायलाच असतं."

शाहीनने लॅपटॉप मिटला. मग तो उराशी धरून ती आत गेली. आपल्यामुळे पोरीचं नुकसान होणार या विचाराने अब्दुलभाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

रविवारी पावणेचारला सगळं सज्ज झालं. अब्दुलभाईंनी इस्त्रीचा कुर्ता घातला होता. बोलणीला रिकामं टेबल बरं दिसत नाही म्हणून रशिदाने लॅपटॉपसमोर समोशांची आणि खजुराची बशी मांडली होती, जणू मस्कतची मंडळी हात लांबवून उचलणारच होती. शाहीनने आवाज पूर्ण केला, कॅमेरा तपासला आणि जाताना दारातून म्हणाली, "फोन आला की हिरव्या गोलावर करंगळी. दुसरं कशालाच हात लावू नका, अब्बा."

चारला लॅपटॉप असा किंचाळला की रशिदाच्या हातातला खजूर उडाला. अब्दुलभाईंनी दचकून कळांवर अख्खा पंजा टेकवला. कर्ण्याचं चित्र उमटलं, त्यावर रेघ आली आणि किंचाळणं थांबलं. तेवढ्यात करंगळीने हिरवा गोल गाठला होता. पडद्यावर एका सोफ्यावर दाटीवाटीने बसलेले तिघं दिसू लागले. मध्ये जिब्रान, उजवीकडे त्याची अम्मी, डावीकडे अब्बा. तिघंही बोलत होते आणि आवाजाचा पत्ता नव्हता.

"काय पण ऐकू येत नाय," रशिदा नवऱ्याकडे वळून, हसरा चेहरा ठेवून, आवाज न काढता नुसत्या ओठांनी म्हणाली. "शाहीनला बोलावू?"

"गप बस," अब्दुलभाईंनीही तसंच सांगितलं. जी मुलगी लोकांना कॉम्प्युटर शिकवते तिच्या बापाला आवाजाचं बटण सापडत नाही, हे पहिल्याच भेटीत कशाला दाखवायचं? ते घामाघूम होऊन कळांकडे बघत राहिले. मग त्यांनी वर पाहिलं. जिब्रानचे अब्बा सलाम करून तब्येत विचारत होते. अब्दुलभाईंनी सलाम घेतला, तब्येत ठीक असल्याचं सांगितलं, आणि आपल्याला सगळं समजतंय हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

मग गाडी सुरळीत चालली. तिकडच्यांना यांचा आवाज व्यवस्थित जात होता, अंमळ जास्तच जात होता. मस्कतची गरमी झाली, भिवंडीतले खड्डे झाले, दोन्हीकडचे नातेवाईक निघाले. रशिदा अंदाजाने मान हलवत होती आणि नवऱ्याकडे बघून हसायच्या जागा ठरवत होती. शेवटी अब्दुलभाईंनी घसा साफ केला आणि शाहीनचा प्रश्न जसाच्या तसा विचारला.

सोफ्यावरचे तिघं एकमेकांकडे बघू लागले. जिब्रानच्या अब्बांनी एक मिनिट म्हणून बोट वर केलं आणि ते पुढे वाकले. त्यांच्या चित्राच्या कोपऱ्यात माईकवर तिरकी रेघ आली. आता आपलं बोलणं घरातच राहणार अशी त्या मंडळींची समजूत झाली होती. कॅमेऱ्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

"काय सांगू?" अब्बांनी विचारलं.

"हो म्हणून टाका," अम्मी म्हणाली. "इथं आली की घरातून वेळ कुठं मिळणार तिला? तो लॅपटॉप तर तिकडंच ठेवून यायला सांगू."

"सहा महिन्यांत आपोआप विसरेल," जिब्रान हसत म्हणाला. "तुम्ही हो बोला."

अब्दुलभाईंच्या शेजारी रशिदा त्या तिघांकडे बघून कौतुकाने हसत होती. माईकवरची रेघ गेली.

"शिकवू दे की खुशाल," जिब्रानचे अब्बा म्हणाले. "आम्ही काय जुन्या वळणाची माणसं नाही."

"लॅपटॉपसुद्धा बरोबर आणेल ती," अब्दुलभाई म्हणाले.

अम्मीचं हसू क्षणभर जागच्या जागी राहिलं. मग ती म्हणाली, "आणू दे ना. तिचाच आहे."

अब्दुलभाईंनी लाल ठिपक्यावर अंगठा ठेवला, घट्ट दाबला आणि मनात पाच आकडे मोजले. पडदा काळा झाला.

रशिदा हबकली. तिने वर चढून शाहीनला आणलं. शाहीन धापा टाकत आली, तिने आधी पडद्याकडे आणि मग वर गरगर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं.

"अब्बा, आज तर लाईट आहे. आज तरी का दाबलंत?"

"लाईट जाणार होती," अब्दुलभाई म्हणाले.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने लॅपटॉप पुन्हा सुरू केला आणि लगेच तिचं लक्ष कर्ण्यावरच्या रेघेकडे गेलं. आवाज कधीपासून बंद आहे असं तिने विचारलं तेव्हा रशिदाने सुरुवातीपासून असं सांगून टाकलं. आपण तर नुसतं हसण्याचं काम केलं, अशी पुस्तीही तिने जोडली.

"म्हणजे ते काय बोलले ते तुम्ही ऐकलंच नाही?" आवाज सुरू करत शाहीनने विचारलं.

"ऐकलं नाय. बघितलं."

मग त्यांनी माईक बंद असतानाचं सगळं बोलणं, एक शब्द इकडचा तिकडे न करता, तिला सांगितलं. लॅपटॉपचं सांगितलं. जिब्रानचे सहा महिनेही सांगितले. ते सांगताना त्यांनी मुलीकडे पाहणं टाळलं. रशिदाने समोशांची बशी उचलून आत नेली. शाहीन खुर्चीत बसून राहिली. तिला रडू येईल असं अब्दुलभाईंना वाटलं होतं, पण ती नुसती लाल झाली होती.

तेवढ्यात लॅपटॉप पुन्हा किंचाळला. पडद्यावर मस्कतचा नंबर होता आणि हिरवा गोल उड्या मारत होता.

"काय सांगायचं आता त्यांना?" रशिदाने दारातून विचारलं.

शाहीनने हात पुढे केला आणि आपल्याच नेलपॉलिशच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. लॅपटॉप किंचाळतच राहिला.

"नुसतं टेकवू नको, बेटा," अब्दुलभाई म्हणाले. "दाब."