मौलाभाई आणि अर्धा कागद

मौलाभाई बायकांशी बोलताना भिंतीकडे तोंड करून उभे राहत. चौकशी भिंतीकडे, रागावणं भिंतीवर. पहिल्या दिवशी मला वाटलं, पलीकडच्या खोलीत कुणी असेल. मग कळलं, ते मलाच विचारत होते, "जेवली का बेटी?"

लातूर जिल्हा होऊन थोडेच दिवस झाले होते. वडिलांची नव्या कचेरीत बदली झाली म्हणून आम्ही नांदेडहून आलो. गावात रोज नवी पाटी लागायची. त्यातली एक हृदयरोगतज्ज्ञांची होती. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून डॉक्टरांनी मला रिपोर्ट टाइप करायला ठेवलं. कुणाशी बोलावं लागणार नाही, एवढं विचारून घेऊनच मी हो म्हटलं. मौलाभाई तिथे ईसीजी काढत.

त्यांना एका जागी बसणं माहीतच नव्हतं. मशीनवरची शाल नीट कर, वायरी मोज, खिडकीतून आभाळ बघ, परत वायरी मोज. त्या वर्षी पाऊस नव्हता. "नळ बंद, पंखा बंद, मौलाभाई चालू," असं कंपाउंडर म्हणायचा. पेशंटने मात्र दगडासारखं पडून राहायचं. "मामा, नाकावर माशी बसली तर बसू द्या. तिला बी आराम पाहिजे की."

डॉक्टर सगळ्यांना रोज चालायला सांगत. शिरूर अनंतपाळहून आलेली एक बाई म्हणाली, "साहेब, पाण्यापायी दोन कोस चालूनच राहिले की. अजून किती चालू?" मौलाभाई खो खो हसले. अर्थात भिंतीकडे बघून.

त्यांचं भांडण व्हायचं ते अर्ध्या कागदावरून. ईसीजीत बारा नोंदी असतात. हातापायांना पट्ट्या बांधल्या की सहा मिळतात. उरलेल्या सहांसाठी छातीवर रबरी फुगे दाबून चिकटवावे लागतात. बायकांच्या मौलाभाई सहाच काढत. डॉक्टर कागद आपटत. "मौला, अर्धं हृदय घेऊन मी काय करू?"

"बायामाणसं नको म्हणतात, साहेब."

खरं तर बायांनी तोंड उघडायच्या आत हेच पाठ फिरवून मोकळे झालेले असत.

एक दिवस ते सायकलवर एक बाई बांधून घेऊन आले. गंजगोलाईतल्या कापडदुकानातली, प्लास्टिकची, नाकाचा टवका उडालेली. "बेटी, आता तू शिक."

"मला नाही जमणार. मला माणसांना हात लावायचा संकोच वाटतो."

"ही माणूस कुठाय?"

पुतळ्याला बरगड्या नव्हत्या. त्या कुणीतरी कोळशाने काढल्या होत्या. "घरवालीनं काढल्या," मौलाभाईंनी भिंतीला सांगितलं. "मी बोललो, तिनं काढल्या." म्हणजे पुतळ्याकडेसुद्धा त्यांनी पाहिलं नव्हतं. शिकवलंही पडद्यापलीकडून. "गळ्याच्या हाडाखाली बोट ठेव. खाली ये. फटी मोज. चौथीत, उजवीकडं, पहिला फुगा. लागला? हौ. आता डावीकडं." पुतळा परत गेल्यावर दुकानदार कितीतरी दिवस त्याला जाड साडीच नेसवत होता. कोळसा निघाला नव्हता.

पंधरवड्यात मी खऱ्या बायकांचे पूर्ण कागद काढू लागले. मी फुगा हातात धरून घुटमळायचे, पण बायका स्वतःच म्हणायच्या, "घाबरू नको बाई, लाव." डॉक्टर खूश झाले. मौलाभाईंची तळमळ मात्र वाढतच गेली. "पक्कं आलं ना? एकदा पण चुकत न्हाई ना?" दिवसातून चार वेळा. मला राग यायला लागला होता.

मग एका रविवारी सकाळी ते आमच्या दारात उभे. सायकलच्या कॅरियरवर गोधडीत गुंडाळलेलं मशीन.

वाटेत त्यांनी हँडलकडे बघत सांगितलं. त्यांच्या बायकोला, झुबेदाभाभीला, दोन महिन्यांपासून पाणी आणताना धाप लागते, डावा हात भरून येतो. ती म्हणते, वात आहे. दवाखान्यात यायला तयार नाही. "बोलती, तुम्ही मशीनजवळ थांबू नका. तुमच्या तोंडावर सगळं दिसतं. तुम्हाला बघून मी आधीच मरीन." त्यांनी मशीनवरची गोधडी नीट केली. "तुझ्या हातून काढून घेते म्हणाली."

भाभी खाटेवर पडली होती. "ती बरगड्यांवाली पोरगी तूच का?" तिने हसून विचारलं. मौलाभाई अंगणात फेऱ्या मारत होते, चपलांचा आवाज येत होता. मी फटी मोजल्या. सुई चालू झाली आणि जिथे रेघ वर असायला हवी, तिथे ती खाली गेली. एकदा नाही, प्रत्येक ठोक्याला. इतके रिपोर्ट टाइप केल्यावर एवढं मला कळत होतं.

भाभी माझ्याकडे टक लावून बघत होती. "कसं हाय?"

माझ्या चेहऱ्यावर कधी काही दिसत नाही, अशी आईची कायमची तक्रार आहे. "डॉक्टर सांगतील," मी म्हणाले, आणि तिने डोळे मिटले.

अंगणात मौलाभाईंनी कागद हातात घेतला. चपला थांबल्या. एवढा वेळ एका जागी उभे राहिलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाला रक्त कमी पडतंय. दुखलं की जिभेखाली गोळी ठेवायची. तपासणीला हैदराबादला जायचं, कदाचित ऑपरेशन. तोवर वजन उचलायचं नाही. पाणी तर अजिबात नाही.

मंगळवारी मी औषधं द्यायला त्यांच्या गल्लीत गेले, तेव्हा टँकर आला होता. तीस-चाळीस बायकांच्या मधोमध मौलाभाई, हातात घागर.

"काय हो, भाभीला मेहंदी लावली का?" एकीने विचारलं.

"हैदराबादला जायचंय तिला. आराम करून राहिली," ते म्हणाले. मागून धक्का बसला तसे मोठ्याने ओरडले, "ओ बाई, नंबर माझा हाय!"

घागर भरली, पण उचलायची कशी ते त्यांना ठाऊक नव्हतं. पोटाशी धरली तर सदरा भिजला. शेवटी एका म्हातारीने त्यांचा हात धरून ती कमरेवर ठेवून दिली. "अस्सं. आता वाकडं व्हा जरा." बायका हसत होत्या. ते वाकडे होऊन चालू लागले, निम्मं पाणी रस्त्याला देत.

दारात भाभी बसली होती, तोंडाला पदर लावून. हसत होती की आणखी काही, मला कळलं नाही.

"सांडलं सगळं," ती म्हणाली. "परत जावं लागंल."

"जातो की," मौलाभाई म्हणाले.