गुरुजींची गाडी वारंग्याला जाते

दिगंबरगुरुजींकडे सत्यनारायण सांगायला गेलं की ते आधी तिथी विचारत नाहीत. यजमानाचं गोत्रही विचारत नाहीत. ते विचारतात, "घरासमोर उतार हाय का?"

उतार असला तर प्रश्न मिटला. नसला तर पूजेच्या सामानाच्या यादीत हळद, कुंकू, पाच फळं, विड्याची पानं आणि सगळ्यात शेवटी एक ओळ वाढते: माणसे चार, ढकलण्यास.

आम्ही हिंगोलीत भिंतीला भिंत लावून राहतो. मी शाळेत गणित शिकवतो आणि गुरुजी पौरोहित्य करतात. त्यांची गाडी पांढरी आहे, म्हणजे घेतली तेव्हा होती. ज्यांनी ती बनवली ते लोक अशी गाडी बनवायचं कधीच विसरून गेले. गुरुजी मात्र ती चालवायचं विसरले नाहीत.

गाडीचा हॉर्न फक्त डावीकडे वळताना वाजतो. त्यामुळं डावीकडे वळताना गुरुजी सगळ्या गावाला कळवतात, आणि उजवीकडे वळायचं असलं की स्तोत्र म्हणतात. चालवणाऱ्याच्या बाजूचं दार आतून उघडत नाही, त्या बाजूची काच खाली होत नाही, आणि शेजारच्या सीटवर पूजेचं सामान रचलेलं असतं. म्हणून यजमानाच्या दारात पोचल्यावर गुरुजी आत शांत बसून राहतात. कुणीतरी धावत येऊन बाहेरून दार उघडतं, मगच ते पाय खाली ठेवतात. नव्या यजमानांना वाटतं, काय माणसाचा रुबाब! गुरुजी हा गैरसमज दूर करत नाहीत.

गाडी बंद पडली, असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नाही.

"बंद न्हाई पडली," ते म्हणतात. "विचार करून राहिली."

एकदा सिद्धेश्वरकडच्या एका लग्नाला जाताना गाडीनं अरुंद रस्त्याच्या मधोमध विचार करायला घेतला. मागं अख्खी वरात अडकली. शेवटी नवरदेव मुंडावळ्या कानामागं सारून खाली उतरला आणि बँडवाल्यांच्या जोडीनं गाडी ढकलू लागला. मांडवात पोचेपर्यंत मुलीचा बाप रडवेला झाला होता.

"गुरुजी, मुहूर्त टळला की हो!"

"टळला कसा? मी रस्त्यात, पंचांग माझ्या पिशवीत. मुहूर्त एकटाच पुढं येऊन काय करनार?"

बापाला हे पटलं. त्या जोडप्याचा संसार उत्तम चालला आहे, आणि गुरुजी त्याचं थोडं श्रेय गाडीला देतात.

त्यांच्या दोन्ही मुली लग्न होऊन पुण्याकडे गेल्या. थोरलीनं गेल्या उन्हाळ्यात नवी गाडी घेऊन द्यायची ठरवलं. गुरुजी तिच्याबरोबर दुकानात गेले, गाडीत बसले, उतरले आणि परत आले.

"किल्लीच न्हाई तिला. बटन दाबायचं म्हने. बटन दाबून मिक्सर चालू होतो, गाडी न्हाई." विषय तिथं संपला.

पण काकूंची, म्हणजे गुरुजींच्या बायकोची, खरी तक्रार निराळीच होती. हिंगोलीत गल्लीगल्लीत गॅरेजं असताना गुरुजी गाडी दुरुस्तीला नेत वारंगा फाट्याला, हमीदभाई मिस्त्रींकडे. कळमनुरी मागं टाकायची, आखाडा बाळापूर मागं टाकायचं, तेव्हा कुठं वारंगा येतं.

"एवढ्या लांब धडधाकट जाते," काकू म्हणत, "तर मग बिघडली कुठं?"

गुरुजी म्हणत, "हमीदभाईनं मला गाडी चालवायला शिकवलं. तिच्या अंगातलं त्यालाच कळतं."

दिवाळीच्या सुट्टीत माझी स्कूटर पंक्चर झाली. बस स्टँडमागं संतोष नावाच्या पोराचं नवं गॅरेज आहे, तिथं ढकलत नेली. बघतो तर गुरुजींची गाडी तोंड उघडून उभी, आणि गुरुजी बाकावर पेपर वाचत बसलेले.

"कालच वारंग्याहून दुरुस्त करून आणली ना?" मी विचारलं.

"म्हणून तर इथं आणावी लागली, सर," बोनेटमधून संतोष म्हणाला.

गुरुजींनी पेपराची घडी केली आणि मला रस्त्याच्या कडेला नेलं.

"हमीदभाईला आता दिसत न्हाई," ते म्हणाले. "डॉक्टर म्हनला, गेली ती नजर गेली. पोरं टायरचं दुकान बघतात. म्हनतात, अब्बा, बसा निवांत. गिऱ्हाईक कवाच तुटलं. माझी एक गाडी राहिली."

"मग ते बिघडवून ठेवतात?"

"छे हो! दुरुस्तच करतो. फक्त जिथं बिघडली तिथं न्हाई करत."

"आणि नवी गाडी?"

"नव्या गाडीचं बोनेट उघडलं की सगळं झाकलेलं. त्यो कशाला हात लावनार?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "हिच्याकडं बोलू नका. तिला वाटतं मला गाडीचं येड हाय. तेच बरं हाय."

पुढच्या खेपेला मी मुद्दाम त्यांच्याबरोबर वारंग्याला गेलो. टायरच्या दुकानाशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये हमीदभाई खुर्चीवर बसले होते. गाडीचा आवाज लांबूनच ओळखून ते उठले आणि बाह्या सारू लागले.

"काय म्हनते, पंडितजी?"

"चढाला धापा टाकून राहिली. आन् आज आमच्या शेजारचे सर बी आलेत संगं."

हमीदभाई बोनेटमध्ये वाकले. त्यांची बोटं इंजिनवरून सावकाश फिरत होती, झोपलेल्या लेकराच्या तोंडावरून फिरावीत तशी. गुरुजी शेजारी उभे. हमीदभाईंचा हात चाचपडत बाहेर आला की गुरुजी हवा तो पाना गुपचूप हाताखाली सरकवत.

"हमीदभाई, त्यो डाव्या अंगाचा नट..."

"पंडितजी, तुमाला मंत्र येतात, गाडी न्हाई येत. गप ऱ्हावा."

गुरुजींनी हातातला पाना खाली ठेवला. मग चहा सांगायला म्हणून रस्त्यापलीकडच्या टपरीवर गेले.

पावलं लांब गेली तसे हमीदभाई चिंधीनं बोटं पुसत माझ्या बाजूला वळले.

"सर, त्यो हिंगोलीचा मिस्त्री कोन हाय?"

मी टपरीकडं पाहिलं.

"हात चांगला हाय त्याचा. पन नट लई आवळतो. ढिला करायला गेलं की बोटाला कळतं, ह्यो माझ्या हातचा न्हाई."

"तुम्हाला माहीत आहे?"

"कवापासून."

"मग त्यांना सांगत का नाही?"

"सांगितलं तर त्यो गाडी कायमचीच तिकडं नेईल. मग वारंग्याला काहून येईल?" त्यांनी पाना पुसून फडक्यावर ठेवला. "पोरी दूर. दुसऱ्याच्या घरी मंत्र म्हनायचे आन् घरी जायचं. आठवड्यातून एकदा इथं येतो, घंटाभर बोलतो, माझी शिवी खातो. तेवढं तरी त्याला पायजे का न्हाई? तुमी बोलू नका. उगं तकलीफ होईल त्याला."

गुरुजी तीन ग्लास घेऊन आले. एक मला दिला. दुसरा हमीदभाईंपुढं धरला आणि त्यांची बोटं नीट काचेला लागेपर्यंत सोडला नाही.

"झाली गाडी," हमीदभाई म्हणाले. "आता महिनाभर बघायला नको."

"महिना कशाला? पुढच्या बुधवारी आनतो. तुमचा हात फिरला की बराबर वाटतं."

हमीदभाईंनी चहाचा घोट घेतला.

"आना की," ते म्हणाले. "मी कुठं जातो?"