सोळा हजार फुटांची तयारी

जन्म-मृत्यू नोंदणीच्या ऑफिसात जन्माची खिडकी एक आणि मृत्यूच्या दोन. आमचा कारकून एकोणीस वर्षं मृत्यूच्या दुसऱ्या खिडकीवर बसत होता. जन्माच्या खिडकीवर बदली मिळावी म्हणून त्याने तीनदा अर्ज केला. साहेबांनी तिन्ही वेळा, "तिथे तुमचा चेहरा शोभायचा नाही हो," म्हणून परत केला. (साहेब एरवी खोटं बोलायचे, पण हे खरं होतं.)

एका मंगळवारी दुपारी एक बाई नवऱ्याची नोंद करायला आली. कारकुनाने मान वर न करता विचारलं, "वय?"

"त्रेपन्न."

"व्यवसाय?"

"कारकून."

त्याचं पेन थांबलं. त्यालाही त्रेपन्नच चालू होतं.

"रिटायर झाल्यावर मोठे डोंगर चढायला जाणार होते," बाई आपणहून म्हणाली. "बूट आणून ठेवले होते. एकदासुद्धा पायात घातले नाहीत. तुमचा नंबर काय?"

"आठ."

"त्यांचा नऊ. दोन मोजे घातले की होतील."

दुसऱ्या दिवशी दाखला न्यायला आली तेव्हा बाईने बुटांचा खोका खरंच खिडकीतून आत सरकवला. नको म्हणायला कारकुनाने तोंड उघडलं, पण मागे रांग होती, आणि ज्या गोष्टीचा फॉर्म नाही ती नाकारायची कशी हे त्याला कधीच जमलं नव्हतं. तो खोका मांडीवर ठेवून तो दिवसभर मेलेल्यांची नावं लिहीत राहिला. संध्याकाळी घरी जाताना त्याचं ठरलं होतं.

बायको मशीनवर बसली होती. ती घरी शिवणकाम करायची. त्या महिन्यात एका शाळेचे बेचाळीस गणवेश हातात होते. वर्षापूर्वी लेक नोकरीसाठी परगावी गेली, तेव्हापासून त्या घरात बोलायचं काम बहुतेक मशीनच करी.

"मी डोंगर चढायला जाणार आहे," कारकून म्हणाला. "सोळा हजार फूट."

"कशाला?"

"माणसाने एकदा तरी वर जाऊन यावं."

"वर जायचंच आहे सगळ्यांना," बायको कापड सरकवत म्हणाली. "एकटेच जाणार?"

"तुला झेपायचं नाही."

तिने दाताने दोरा तोडला. "बरं," म्हणाली. लग्नाला सत्तावीस वर्षं झालेल्या माणसाला त्या 'बरं'चा अर्थ कळायला हवा होता. पण कारकून बुटांच्या नाड्या ओवत बसला होता. (बूट ऑफिसात मिळाले, एवढंच त्याने सांगितलं. ते खोटंही नव्हतं.)

मोहीम घेऊन जाणारा माणूस फोनवर मोठा उत्साही होता. "काका, दोन महिने आहेत. रोज पाठीवर दहा किलो घेऊन जिने चढा. बाकी सगळं मनात असतं."

जिने होते. इमारत चार मजल्यांची, लिफ्ट नाही, आणि घर सगळ्यात वर. प्रश्न दहा किलोंचा होता. पाठपिशवीत उशा, चादरी आणि लेकीची जुनी पुस्तकं कोंबली तरी काटा सहावर अडला. कारकुनाची नजर घरभर फिरली आणि शिवणाच्या मशीनवर येऊन थांबली. खालच्या टेबलापासून वरचा लोखंडी भाग सुटा होत होता. त्याने तो वजनकाट्यावर ठेवला. साडेदहा किलो. माणसाला असं नेमकं काही मिळालं की तो पुढचा विचार करत नाही.

बायको साडेसहाला उठायची. तो साडेपाचला मशीन पिशवीत घालून, लोकरीची टोपी चढवून, दोन-दोन मोज्यांवर ते नऊ नंबरी बूट घालून बाहेर पडे. चार वेळा खाली, चार वेळा वर, आणि सव्वासहाला मशीन जागच्या जागी. आठ दिवस हे बिनबोभाट चाललं. आठव्या दिवशी त्याला आरशात आपली मान जरा ताठ वाटली.

नवव्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांनी पेपर घ्यायला दार उघडलं. मास्तरांना शाळेतून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, पण चौकशी करायची सवय नोकरीत होती तशीच.

"इतक्या सकाळी कुठे?"

"वर," कारकून धापा टाकत म्हणाला.

"तोंड तर खाली आहे तुमचं."

"आधी खाली, मग वर."

मास्तरांनी बूट पाहिले, टोपी पाहिली, फुगलेली पिशवी पाहिली. त्यांचा आवाज मऊ झाला. "घरात सांगितलंय का?"

"तिला पत्ता नाही. ती उठायच्या आत उरकायचंय मला. तुम्ही काही बोलू नका."

मास्तरांनी आयुष्यभर पळून जाणारी मुलं पकडली होती. ते चपला न घालताच वर धावले आणि बेलवर बोट दाबून धरलं. "वहिनी, उठा. हे घर सोडून चाललेत."

त्यांना थांबवायला कारकून मागोमाग धावला. पाय आठ नंबरचा, बूट नऊचा. पाय वळला, बूट वळला नाही. पिशवी खांद्यावरून सुटली आणि एकेक पायरी मोजत खाली गेली. तो आवाज दुसऱ्या मजल्यावरही दारं उघडायला पुरला.

बायको दारात उभी होती. ती ओरडली नाही. पायऱ्या उतरून कारकुनाच्या शेजारून पुढे गेली, पिशवी उघडली आणि आतलं मशीन दोन्ही हातांनी बाहेर काढलं. चाक तुटलं होतं. मानेला आरपार चीर गेली होती. ते तिच्या आईचं मशीन होतं.

"पाय," कारकून म्हणाला.

"दिसतोय." ती त्याच्याजवळ पायरीवर बसली. मशीन मांडीवर. "नऊ दिवस पहाटे दाराचा आवाज ऐकतेय. पडून राहायचे. वाटायचं, आज काही हे परत येत नाहीत."

"कुठे जाणार मी?"

"तेच कळेना. मग दार वाजायचं, मशीनजवळ खुडबुड व्हायची. वाटायचं, निदान मशीनसाठी तरी परत येतात."

मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

घोट्याचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. मशीनच्या भागाला महिना लागणार होता, आणि बेचाळीसपैकी एकोणतीस गणवेश बाकी. मग दोघं पलंगावर समोरासमोर बसून हाताने शिवू लागली; ती शिवण घाली, तो बटणं लावी. (पहिली सात त्याने प्लास्टरखालच्या चादरीसकट लावली.) दुसरा उद्योग नसल्यामुळे त्याने तिला बुटांची हकिकत सांगितली, त्या बाईची सांगितली, आणि एकोणीस वर्षं ज्यांची नावं लिहिली त्यांतली काही वयं सांगितली.

"हे आधी सांगितलं असतंत तर मी उशीत विटा भरून दिल्या असत्या," ती म्हणाली.

महिन्याने मोहीमवाल्याचा फोन आला. कारकुनाचं आवरेपर्यंत बायकोने उचलला. "ते येत नाहीत, पाय मोडलाय." मग ती ऐकत राहिली. "घरातलं कोणीही चालतं?" पुन्हा थांबली. "वजन किती न्यायचं? दहाच?"

बावीस वर्षं ती कापडाचे गठ्ठे घेऊन ते चार मजले चढत होती, आणि दरवर्षी तेच मशीन दुरुस्तीला खाली नेऊन वर आणत होती. हे कारकुनाच्या त्याच वेळी लक्षात आलं. "तुला झेप..." एवढं बोलून त्याने तोंड मिटलं. डॉक्टरांनी तिला तपासलं, मोहिमेच्या दाखल्यावर सही केली आणि कारकुनाचा रक्तदाब आपणहून दोनदा मोजला.

ती आपल्या मापाचे बूट घेऊन गेली. जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बारा दिवस. मोजू नका." त्याने लगेच मोजायला सुरुवात केली. सातव्या दिवसापर्यंत फोन लागला नाही. एकोणीस वर्षांत त्याने कारणांच्या रकान्यात जे जे लिहिलं होतं, ते सगळं त्याला ओळीने आठवलं.

आठव्या दिवशी फोन वाजला.

"कशी आहेस? श्वास लागतो का? डोकं दुखतं का?"

"नाही."

"जेवण जातं?"

"दोनदा मागून घेते."

हे विचारायची त्याला सवय नव्हती. "आठवण येते का गं?"

पलीकडे वारा मोठा होता. तिने अगदी सरळ मनाने विचारलं, "कोणाची?"

"घराची," तो म्हणाला.

"हो, घराची येते. गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालताय ना?"

"घालतो ना, रोज घालतो," तो म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर पहिल्यांदाच एका हातात कुबडी, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली घेऊन गच्चीच्या जिन्याला लागला. जिना चौदा पायऱ्यांचा. नवव्या पायरीवर तो बसला, थोडं पाणी प्यायला, आणि मास्तर त्याला शोधत वर येईपर्यंत उरलेलंही पिऊन टाकलं.