चक्र गोल होतं की लांबट

नम्रताने पप्पांच्या ऑफिसातून भंगारात निघालेला लॅपटॉप जिवंत केला, तेव्हा घरात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आई मेथी निवडत एवढंच म्हणाली, "झाला ना सुरू? मग आता लग्न लाव."

लग्न म्हणजे आईपप्पांचं, तीसेक वर्षांपूर्वीचं. कॅसेटवरून सीडीवर उतरवलेलं आणि घरातला सीडी प्लेअर मेल्यापासून कपाटात साड्यांखाली पडलेलं. आज त्याच लग्नाचा वाढदिवस होता. संध्याकाळी चाळीतल्या बायका ते बघायला येणार होत्या. लग्नात आपण शेवग्याच्या शेंगेसारख्या होतो, हे आई त्यांना कित्येक वर्षं सांगत आली होती आणि भोईवाड्यात तिच्यावर विश्वास ठेवणारं एकही माणूस नव्हतं.

लॅपटॉप म्हातारा, म्हणून नम्रताने त्यात लिनक्सचा एक हलका, फुकटचा प्रकार घातला होता. ही सिस्टिम म्हणजे भाड्याची रिकामी खोली. दार, खिडकी, दिवा मिळतो. बाकीचं सामान आपलं आपण आणायचं. व्हिडिओ दाखवणारा प्लेअरसुद्धा. नम्रताने दोन प्लेअर आणले. एकाच्या चित्रात पतंग होता, दुसऱ्याच्या शंख. आईने लगेच त्यांची नावं ठेवली: पतंगवाला आणि शंखवाला.

पतंगवाला पाण्यासारखा चालला. पांढऱ्या साडीतली, उदबत्तीसारखी सडपातळ आई मंचावर आली. शेजारी पप्पा, उंच, गाल बसलेले, एकदम हिरो.

"बघ," आई म्हणाली. मेथी बाजूला राहिली.

पप्पांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. "मी असा होतो?" मग जरा थांबून म्हणाले, "होतो बहुतेक."

नम्रता एमएस्सी फिजिक्स होती. तिला आईपेक्षा खुर्च्या खटकल्या. मंडपातल्या खुर्च्यासुद्धा सडपातळ होत्या. तिने शंखवाला लावला. तो मध्येमध्ये अडखळत होता, पण खुर्च्या नीट झाल्या. आई मात्र चांगलीच गोबरी झाली.

"हे काय लावलंस? बंद कर ते."

"आई, हेच बरोबर आहे. जुन्या सीडीतले ठिपके चौरस नसतात, ते आडवे ताणून दाखवायचे असतात. शंखवाला ताणतो, पतंगवाला नाही ताणत."

"मला कशाला ताणतो? खुर्च्या ताणू दे त्याला."

नम्रताने पुरावा शोधला. मंचामागच्या पडद्यावर मोठं धम्मचक्र रंगवलेलं होतं. तिने स्क्रीनला फूटपट्टी लावली. शंखवाल्यात ते उभंआडवं सारखं भरलं, पतंगवाल्यात अंड्यासारखं. "चक्र गोल असतं, आई. संपला विषय."

"ते चक्र माझ्या दादाने हाताने काढलेलं," आई म्हणाली. "लांबटच होतं ते. मला आठवतंय ना."

"शामरावांनाच विचारू की," पप्पा म्हणाले आणि त्यांनी फोन लावला. हिरो व्हायची संधी त्यांना इतक्यात सोडायची नव्हती. "शामराव, एक सांगा, आमच्या लग्नातलं ते चक्र लांबट होतं ना?"

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

शामराव म्हणजे नम्रताचा मामा. तो चिंचपोकळीला राहायचा आणि जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवत आला होता. थोड्याच वेळात तो दारात उभा राहिला, चप्पल न काढता.

"कोण बोललं लांबट?"

"दादा, आत तर ये. पाणी घे."

"पाणी नको. खिळा ठोकून, दोरी लावून काढलेलं चक्र आहे ते. आठ आरे, एक आरा इकडचा तिकडे नाही. दाजी, तुमच्या लग्नात चुना लागला असेल तर तो दुसऱ्या कुणी लावला, मी नाही."

"लागला की, मीच लावून घेतला," पप्पा म्हणाले आणि आईने त्यांच्याकडे बघितल्यावर मेथी निवडायला लागले.

"मामा, तूच बघ ना," नम्रता म्हणाली. आईने घाईने पतंगवाला लावायला सांगितला. हारांचा प्रसंग आला. आईच्या मागे एक वाळकासा म्हातारा उभा होता, खांदे उतरलेला.

"आता बोल," आई म्हणाली. "हे बाबा. भिंतीवरच्या फोटोत आहेत तसेच. बाबा बारीक, तशी मीपण बारीक. मग खोटा कसा हा पतंगवाला?"

नम्रताने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. कोंडीराम आजोबा तिच्या जन्माआधीच गेले होते. तिला त्यांचा तेवढा एकच फोटो माहीत होता. आणि तो खरोखरच पतंगवाल्याशी जुळत होता.

मामाने चप्पल काढली. स्क्रीनजवळ जाऊन बसला.

"हा आपला बाबा नाय, जाई," तो म्हणाला. "भिंतीवरचा फोटो हॉस्पिटलच्या कार्डाला काढलेला. गिरणी गेली, मग तब्येत गेली, त्याच्यानंतरचा. लग्नात बाबा असा होता काय? माझा शर्ट घातला होता त्याने. पोटावर बटण लागेना म्हणून तू पदराची सेफ्टी पिन काढून लावून दिलीस. तुझंच लग्न, नि तू त्याला पिन लावत बसलेलीस."

आईचा हात पदराशी गेला, जणू पिन अजून तिथेच होती.

"दुसरं लाव गं," ती हळूच म्हणाली.

नम्रताने शंखवाला लावला. आजोबा रुंद झाले. गाल आले, खांदे आले, आणि ताणलेल्या शर्टावर मधोमध काहीतरी चकाकलं. पिन होती. ते कुणाला तरी काही सांगून हसत होते आणि पोट हलत होतं. नम्रताने आजोबांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

"हेच संध्याकाळी लाव," आई म्हणाली.

"तू गोबरी दिसशील. सगळ्यांसमोर."

"दिसू दे."

संध्याकाळी बायका दाटीवाटीने बसल्या. पांढऱ्या साडीतली गोबरी आई मंचावर आली तशी शेजारच्या राधाबाईंनी तोंडावर हात ठेवला. "अगं जाई, खरंच की गं, किती बारीक होतीस तू."

आईने स्क्रीनवरच्या स्वतःकडे पाहिलं, मग आत्ताच्या स्वतःकडे, आणि काही खुलासा केला नाही.

हारांचा प्रसंग आला. आजोबा हसायला लागले आणि नेमका तिथेच शंखवाला अडकला. तोंड उघडं, डोळे मिटलेले, पिन चमकत असलेली.

"सॉरी, एक सेकंद," नम्रता पुढे झाली. "आत्ता पुढे नेते."

आईने तिचं मनगट धरलं.

"राहू दे अडकलेलं थोडा वेळ," ती म्हणाली. "चांगला आहे हा प्लेअर."